सहा वर्षांच्या पोरीला नागीण कशी काय?

दिवाणजी_सांगली
रविवार, रात्री ११:५०

घरातले सगळे झोपलेत म्हणून आत्ता लिहितोय. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीत दिवाणजी आहे. कीर्द-खतावणी लिहायची सवय, त्यामुळे तारीखवार सांगतो. कंटाळा आला तर खालचे प्रश्न तेवढे बघा.

आमची चिमी साडेसहा वर्षांची, पहिलीत. सारखं आजारी पडणारं पोर नाही. वर्षातून एखादा सर्दी-ताप, बाकी दिवसभर गल्लीत लंगडी. मागच्या सोमवारी रात्री झोपेतून उठून बसली आणि म्हणाली, पाठ दुखतीय. कुठं, तर उजव्या फऱ्याखाली बोट लावलं. दप्तराचं ओझं असेल म्हणून बायकोनं बाम चोळला. मंगळवारी परत तेच. बुधवारी शाळेचा सदरा घालू देईना, "कापड टोचतंय" म्हणे. सदरा वर करून बघितलं तर कातडी अगदी स्वच्छ. मी ओरडलो. शाळा बुडवायची नाटकं करू नको म्हणालो. ते आता फार लागतंय मनाला.

गुरुवारी सकाळी त्याच जागी तळहाताएवढा लाल चट्टा, आणि संध्याकाळी त्यावर मोहरीएवढाले पाण्याचे फोड. शेजारच्या काकू म्हणाल्या, कोळी मुतलाय. गल्लीतल्या डॉक्टरांनी अॅलर्जीचं औषध दिलं. शुक्रवारी फोडांची रांग काखेखालून पुढं सरकली, बरगडीवरून छातीखाली आली. शनिवारी मी एकटाच तिला घेऊन लहान मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सदरा वर केला आणि लगेच सांगितलं, नागीण आहे. एकच प्रश्न विचारला, "वर्षाच्या आत कांजिण्या झाल्या होत्या का?" मी म्हणालो, नाही. दिवसातून चार वेळा द्यायचं औषध लिहून दिलं, फोड झाकून ठेवा म्हणाले. बाहेर तीस माणसं बसलेली. पुढचं काही विचारायला जीभच उचलली नाही.

घरी "नागीण" हा शब्द उच्चारला आणि आईनं कपाळाला हात लावला. तिचं म्हणणं, तोंड आणि शेपूट जुळायच्या आत उतरवून घ्यायला पाहिजे, वेटोळं पुरं झालं की माणूस हाताला लागत नाही. तासगावच्या बाजूला एका गावात कुणीतरी गेरूनं आखून मंतरतो म्हणे. तोवर वाटीत हळद कालवून लावायला निघाली होती. आमच्या घरात एक वेळ साखर संपेल, हळद संपत नाही. तेवढं मी अडवलं.

त्यात माझी धाकटी बहीण बाळंतपणाला आलीय, आठवा सरलाय. गुरुवारीच आली आणि आल्या आल्या चिमीला कुशीत घेऊन झोपली.

आता खरं सांगायचं ते. काल रात्री फोनवर वाचत बसलो. जिथं तिथं एकच, नागीण म्हाताऱ्यांना होते, नाहीतर प्रतिकारशक्ती ढासळलेल्यांना. मग कॅन्सर, मग एड्स. यार्डातला एकजणही म्हणाला, पोराला नागीण म्हणजे रक्तात काहीतरी बिघाड असणार. पहाटे तीनला उठून मोबाईलच्या उजेडात चिमीच्या नडग्या बघितल्या. डाव्या नडगीवर दोन काळेनिळे डाग आहेत, उजवीवर एक. ते पडल्यामुळं झालेत की आणखी कशामुळं, हे मी तासभर बघत बसलो. बायकोला यातलं काही बोललो नाही.

तर प्रश्न असे. धडधाकट पोराला नागीण होते का? रक्त तपासून घेऊ का? बहिणीला दुसरीकडं पाठवू का? आणि ती आईची वेटोळ्याची गोष्ट.


वाळव्याचे_आबा
सोमवार, सकाळी ६:१५

अरे बाळा, घाबरू नकोस. मला २००८ साली कमरेवर झाली होती. डॉक्टरच्या गोळ्या घेतल्या नाहीत. आमच्याकडं एकजण उतरवायचा, तीन रविवार गेलो. गेरूनं दोन्ही टोकांना रेघ मारायचा आणि लिंबाच्या डहाळीनं झाडायचा. तिसऱ्या रविवारी खपल्या पडल्या. पैसे घेत नाही, फक्त नारळ. तुझी आई म्हणती ते ऐक, म्हातारी माणसं उगाच बोलत नसतात. ठणका मात्र मला पुढं सहा महिने होता, ते खोटं कशाला सांगू.


सदरबाजार_सातारा
सोमवार, सकाळी ९:४०

दादा, माझ्या मुलाला दोन वर्षांचा असताना झाली होती. आता तो चौथीत आहे आणि रविवारी आमच्या आधी अजिंक्यतारा चढून वर जाऊन बसतो. आधी हे सांगते, कारण त्या वेळी मला हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

त्याची कपाळावर आली होती, डाव्या भुवईच्या वर. मला वाटलं डास चावले. दुसऱ्या दिवशी पापणी सुजली आणि नाकाच्या शेंड्यावर एकच टपोरा फोड. आमच्या डॉक्टरांनी बाकी काही न बघता तो नाकावरचा फोड बघितला, आणि त्याच संध्याकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याला एकाच नसेची फांदी जाते, म्हणून तिथे फोड आला की डोळा तपासायलाच हवा, असं त्यांनी समजावलं. डोळा वाचला. पण तो एक फोड मी फोडून, पुसून, पावडर लावून घरी बसले असते, तर काय झालं असतं याचा विचार आजही नको वाटतो. तुमच्या मुलीची छातीवर आहे म्हणजे ही काळजी नाही. पण हे वाचणाऱ्या आणखी कुणाच्या मुलाच्या तोंडावर असेल तर लक्षात असू द्या.

आणि कारण विचाराल तर ते मी होते. पाचव्या महिन्यात मला कांजिण्या झाल्या होत्या. माझ्या शाळेतल्या मुलांकडून आल्या, मी बालवाडीत शिकवते. बाळ व्यवस्थित जन्मलं म्हणून आम्ही तो विषय विसरूनही गेलो. मुलाला बाहेर आल्यावर कांजिण्या कधीच झाल्या नव्हत्या, त्या पोटातच होऊन गेल्या होत्या. तुमच्या डॉक्टरांनी जो प्रश्न विचारला तो उगाच विचारलेला नाही. घरी बायकोला परत एकदा नीट विचारा. या गोष्टी बाप लोकांच्या लक्षात राहत नाहीत, राग मानू नका.


कराडचा_कातडीवाला
सोमवार, दुपारी ३:०५

त्वचारोगाचा डॉक्टर आहे. मूल न बघता उपचार सांगणार नाही, तो तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सुरू केलेला दिसतोय. बाकीचं सांगतो.

दिवाणजी, आधी त्या नडग्या बघणं बंद करा. पहिलीतल्या पोराच्या नडगीवर डाग नसतील तर ते पोर खेळत नाही, एवढाच अर्थ निघतो. आम्ही काळजीत कधी पडतो? पोट, पाठ, मांड्या अशा न आपटणाऱ्या जागी डाग उठतात तेव्हा. ताप हटत नाही, वजन उतरतं, गळ्यात-काखेत गाठी येतात, पोर मलूल होऊन बसतं. किंवा नागीणच वेगळी वागते, म्हणजे एकाऐवजी दोन-तीन पट्टे, सगळ्या अंगावर फोड, नाहीतर पुन्हा पुन्हा होणं. यातलं काही असेल तर तपासण्या. नुसती एका पट्ट्यातली नागीण आणि बाकी पोर लंगडी खेळतंय, तर रक्ताच्या मागे लागायची गरज सहसा नसते. अमेरिकेत रॉचेस्टर इथं विशीच्या आतल्या मुलांच्या नोंदी तपासल्या होत्या, १९८५ साली ते छापून आलं. लाखात वर्षाला ४२ जणांना नागीण, असा हिशेब निघाला. म्हणजे विरळ खरी, पण सांगली-मिरजेएवढ्या वस्तीत दर वर्षी काही पोरं निघणारच. त्यातली बहुतेक तुमच्या चिमीसारखीच धडधाकट. माझ्या ओपीडीत वर्षाला चार-पाच तरी येतात, आणि प्रत्येकाचा बाप तुमच्याच चेहऱ्यानं येतो.

आता नागीण म्हणजे काय. कांजिण्या बऱ्या होतात तेव्हा तो विषाणू अंगातून जात नाही. मणक्याच्या दोन्ही अंगांना संवेदना वाहणाऱ्या नसांच्या बारीक गाठी असतात, तिथं जाऊन तो गप पडून राहतो, वर्षानुवर्षं. शरीराचा पहारा ढिला पडला की एखाद्या गाठीतला विषाणू जागा होतो आणि त्या एकाच नसेतून कातडीकडे निघतो. वाटेत नस सुजते, म्हणून आधी ठणका आणि फोड नंतर. कापड टोचतंय म्हणून पोरगी सांगत होती ती नाटक करत नव्हती, दिवाणजी. तेव्हा विषाणू नसेत होता, कातडीवर यायचा होता. तुम्हालाच काय, मलाही बुधवारी काही दिसलं नसतं.

ती नस कातडीच्या जेवढ्या पट्ट्याला जाते तेवढ्याच पट्ट्यात फोड येतात. आणि आपल्या नसा डाव्या-उजव्या वेगळ्या. उजव्या नसेचा पट्टा पाठीत मणक्याशी सुरू होतो आणि पुढं छातीच्या मधोमध संपतो. पलीकडं तिची वाटच नाही. म्हणून नागीण अर्ध्यावर थांबते, मंतरली तरी थांबते, न मंतरली तरी थांबते. आईंना सांगा, वेटोळं पुरं होणार नाही. त्यांना खोटं पाडायला नव्हे, त्या धास्तावल्यात म्हणून सांगा. ग्रीक लोकांना हाच पट्टा कमरपट्ट्यासारखा दिसला, त्यांनी झोस्टर नाव ठेवलं. झोस्टर म्हणजे कमरपट्टा. आपल्या लोकांना साप दिसला. ग्रीकांची झोप बहुधा बरी लागत असावी.

आबा, तुमचा तिसरा रविवार म्हणजे एकविसावा दिवस की. खपल्या दोन ते चार आठवड्यांत आपसूक पडतात. नारळ मात्र स्वस्तात पडला हे मान्य. सहा महिन्यांचा जो ठणका म्हणता, तो मोठ्या वयाचा भोग आहे. लहान मुलांत तो क्वचितच मागे राहतो, आणि फोनवर दिवाणजींनी वाचलं ते सगळं मोठ्यांबद्दलचं.

पोरांना का होते, तर सगळ्यांत मोठं कारण तुमच्या डॉक्टरांनी विचारलंच आहे. कांजिण्या चौथ्या-पाचव्या वर्षी झाल्या तर शरीर त्या विषाणूची ओळख पक्की करून ठेवतं. वर्षाच्या आत झाल्या तर तान्ह्या बाळाची प्रतिकारशक्ती कोवळी असते, शिवाय आईकडून आलेलं संरक्षण अंगात थोडंफार असतं. आजार हलका जातो, घरच्यांना बरं वाटतं, पण बाळाची स्वतःची ओळख कच्ची राहते. मग पाच-सात वर्षांत पहारा ढिला पडायला फार काही लागत नाही. साताऱ्याच्या ताईंचं पोटातल्या बाळाचं उदाहरण याच जातीचं. तेव्हा तुमचं ठाम "नाही" घरी एकदा तपासून बघा. कांजिण्यांची लस घेतलेल्या मुलालाही लसीतल्या विषाणूमुळे क्वचित नागीण होते, पण कमी. २०१९ साली अमेरिकेतल्या मुलांचा मोठा अभ्यास आला, त्यात लस घेतलेल्यांत नागीण ७८ टक्क्यांनी कमी निघाली.

औषध पुरळ उठल्यानंतर ७२ तासांच्या आत सुरू झालं की जास्त उपयोगी. गुरुवारी फोड, शनिवारी औषध, म्हणजे तुम्ही वेळेत आहात. पाणी भरपूर पाजा, औषध मध्येच सोडू नका. ठणक्याला पॅरासिटामोल चालतं. अॅस्पिरिन मुलांना अजिबात नाही, कांजिण्या-नागिणीत त्यानं यकृत आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. हळद लावू नका. हळदीशी माझं भांडण नाही, पण पिवळ्या लेपाखाली पू झालाय का ते मला दिसत नाही. आणि घरात गजकर्णासाठी आणलेली "मिक्स" ट्यूब असेल, मेडिकलवाला न विचारता देतो ती, तर तिला हात लावू नका. त्यात स्टेरॉइड असतं.

बहिणीबद्दल. नागिणीपासून दुसऱ्याला नागीण होत नाही. पण फोडातलं पाणी लागलं आणि त्या माणसाला कांजिण्या कधीच झालेल्या नसतील, लसही नसेल, तर कांजिण्या होऊ शकतात. गरोदरपणात ते वाईट, आणि बाळंतपणाच्या आसपासचे दिवस बाळाच्या दृष्टीनं फार नाजूक. म्हणून हे उद्यावर टाकू नका. बहिणीला कांजिण्या झाल्या होत्या का हे विचारा, आणि आजच तिच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना फोन करा. शंका असेल तर रक्ताची एक तपासणी आहे, त्यातून संरक्षण आहे की नाही कळतं. तिला रस्त्यावर काढायची गरज नाही. फोड झाकलेले, खपल्या धरेपर्यंत वेगळं अंथरूण, वेगळा टॉवेल, पोरीची नखं कापलेली.


दिवाणजी_सांगली
सोमवार, रात्री १०:३०

डॉक्टरसाहेब, ताई, दोघांचेही उपकार. आता माझं कसं चुकलं ते ऐका.

बायकोला विचारलं, वर्षाच्या आत चिमीला कांजिण्या झाल्या होत्या का. भाकरी थापत होती, हात थांबला. म्हणाली, "तुम्हाला फोनवर सांगितलं होतं की."

२०१९ चा ऑगस्ट. चिमी पाच महिन्यांची. आमचं घर मारुती चौकाच्या मागं. आयर्विन पुलावर धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वर्षी पाणी ५७ च्या वर गेलं. आम्हाला बोटीतून काढलं, विश्रामबागेकडच्या एका शाळेत दोन रात्री काढल्या. एका वर्गात अकरा कुटुंबं. बायको म्हणती, शेजारच्या सतरंजीवर एक पोरगा होता, अंगभर फोड, त्याची आई त्याला पदरानं वारा घालत होती. तिसऱ्या दिवशी बायकोला आणि चिमीला विट्याला तिच्या माहेरी पोचवलं आणि मी परत फिरलो. अडतीत कमरेएवढा चिखल. हळदीची पोती कुजून वास सुटलेला, आणि माझ्या वह्या. नऊ वर्षांच्या खतावण्या गच्चीवर पसरून पान पान सुटं करून वाळवत होतो. दोनेक आठवड्यांनी फोन आला असणार की पोरीच्या अंगावर दहा-बारा फोड उठलेत, इथले डॉक्टर कांजिण्या म्हणतात, ताप नाही, दूध पितीय. मी "बरं" म्हणालो असेन. मला खरंच आठवत नाही. कुठल्या पार्टीचं किती येणं होतं ते मात्र अजून तोंडपाठ आहे.

लसीचं कार्ड काढलं. त्यावर पेन्सिलीनं लिहिलंय, "कांजिण्या झाल्या, लस नको." कार्ड सहा वर्षं माझ्याच कपाटात, माझ्याच फायलीत.

डॉक्टरसाहेब, तुम्ही गाठीत पडून राहण्याचं जे लिहिलं ते वाचून मला हरिपूरची पेवं आठवली. जमिनीखाली खड्ड्यात हळद भरून तोंड लिंपून टाकायचे, वर्षानुवर्षं तशीच राहायची, वरून चालणाऱ्याला पत्ता नाही. ती पेवं २००५ च्या पुरानं बुडवली. इथं उलटं झालं, पुरानं भरून ठेवलं.

बहिणीचं असं. तिला स्वतःला काही आठवेना. मी आईला विचारलं, आणि आईला सगळं आठवलं. बहीण दुसरीत, संक्रांतीच्या आदल्या दिवशी अंगावर फोड. खोलीच्या दाराला लिंबाचा डहाळा बांधला होता, तिळगूळ वाटायला जाता येईना म्हणून ही दारातूनच रडत होती, आणि मी तिच्या वाटणीचा तिळगूळ खाल्ला म्हणून मला मार बसला होता. मार मला आठवला. तिच्या डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले झाल्या असतील तर काळजी नाही, तरी रक्त बघून घेऊ.

नडग्या बघणं बंद. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मीपण रात्री बघत होते.


सदरबाजार_सातारा
मंगळवार, सकाळी ७:२०

दादा, ती शेवटची ओळ वाचून डोळ्यांत पाणी आलं. आम्हीही असंच, मी एकीकडे आणि हे दुसरीकडे, दोघं चोरून.

बहिणीचा रिपोर्ट कळवा. आणि बाळ झालं की लसीचं आतापासून मनात असू द्या. सरकारी दवाखान्याच्या मोफत यादीत कांजिण्यांची लस नाही, स्वतः पैसे घालून घ्यावी लागते, म्हणून पुष्कळांची राहून जाते.


कराडचा_कातडीवाला
मंगळवार, दुपारी २:१५

ताईंनी लस काढली म्हणून. ही लस जपानमध्ये ताकाहाशी नावाच्या डॉक्टरांनी बनवली, १९७४ साली. दहा वर्षं आधी ते कुटुंबासह अमेरिकेत असताना त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाला कांजिण्या जोरात झाल्या. रात्र रात्र उशाशी बसून काढली, आणि त्यातूनच हे काम हाती घेतलं. विषाणूवर आयुष्य काढलेला माणूस, तोही पोराच्या उशाशी असाच बसला होता. दिवाणजी, तुम्ही एकटे नाही.

बालरोगतज्ज्ञ मंडळी पहिला डोस पंधराव्या महिन्यात देतात, दुसरा त्यानंतर काही महिन्यांनी. भाच्याच्या वेळी विचारा.


दिवाणजी_सांगली
तीन आठवड्यांनंतर, रविवार, संध्याकाळी ६:००

उशीर झाला, सौद्याची गडबड होती.

नवीन फोड येणं चौथ्या-पाचव्या दिवशी थांबलं. दहाव्या दिवशी सगळ्यांनी खपली धरली, मग शाळेत पाठवलं. आता खपल्या पडल्यात, जागेवर फिकट डाग आहेत. आंघोळीच्या वेळी थोडं खाजतं म्हणते. ठणका नाही. वर्गात तिनं सगळ्यांना सांगितलं की मला नागीण झाली होती, तर पोरं म्हणाली, दाखव. झाकलेलं आहे म्हणाली तर कुणी विश्वास ठेवीना. दुसऱ्या दिवशी बाईंकडून तिची वही आली, पाठीमागच्या पानावर हिनं फणा काढलेला साप काढून खाली स्वतःचं नाव लिहिलं होतं.

बहिणीचा रिपोर्ट चांगला आला, संरक्षण आहे. परवा मिरजेत बाळंत झाली. मुलगा. दोघंही बरी आहेत.

आता आई. तासगावला गेलो नाही, पण तिला नुसतं "नसा वेगळ्या असतात" म्हणून पटणार नव्हतं. मी चिमीला उभं केलं, पाठीत मणक्यावर आणि पुढं छातीच्या मधोमध बोट ठेवून दाखवलं, म्हणालो, ह्या दोन रेघा ती ओलांडणार नाही, रोज तूच बघ. दुसऱ्या दिवसापासून आईनं सुताचा दोरा घेतला. रोज सकाळी पूजेनंतर चिमीच्या पाठीमागून दोरा धरायची, फोडांच्या टोकापासून मणक्यापर्यंत, मग पुढच्या टोकापासून मधल्या रेघेपर्यंत, आणि दोऱ्याला गाठ मारायची. फोडाला दोरा लागू द्यायची नाही, तेवढं बघून करायची. आठ दिवस. रोज मला स्वयंपाकघरातून ओरडून सांगायची, "मागं बोटभर, पुढं दोन बोटं." माझ्या खतावणीपेक्षा चोख हिशेब. आठव्या दिवशी म्हणाली, "राहिली गं बाई अलीकडं." पण श्रेय नसांना दिलेलं नाही. गणपतीला नारळ बोलली होती म्हणे, तो काल देऊन आलो.


वाळव्याचे_आबा
रविवार, रात्री ८:१०

पोरगी बरी झाली, भाचा झाला, पेढे पाठव. डॉक्टरसाहेब, एकविसाव्या दिवसाचं मी घरी सांगितलं तर बायको म्हणाली, नारळ मी दर वेळी दुकानातनं तीन आणले होते, तुम्ही म्हणता तसा स्वस्त नव्हता. आणि बाळा, तो गाठीचा दोरा टाकू नका.


दिवाणजी_सांगली
रविवार, रात्री ९:००

टाकायचा कुठला. चिमीनं मागून घेतला, बाहुलीला कमरपट्टा केलाय.